मेटलच्या दारातला नवखा

हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाला ‘सध्या काय ऐकतोयस?’ असं विचारायचं तर हाताशी वेळ ठेवून विचारावं. एका नावावर उत्तर थांबत नाही. सकाळी आंघोळीआधी काय लावलं, लोकलमध्ये काय, रात्री हेडफोनवर काय, अशी दिवसभराची यादी येते. प्रत्येक नावामागे साल, उपप्रकार आणि ‘यांचा दुसरा अल्बम ऐक, तिसरा राहू दे’ असा सल्लाही येतो. पण याच माणसासमोर एखाद्या बँडचा नवाकोरा टी-शर्ट घालून कुणी अनोळखी पोरगा, आणि त्यातही पोरगी, उभी राहिली की तो ‘यांची तीन गाणी सांग बघू’ म्हणून परीक्षा घ्यायलाही कमी करत नाही. हातचं न राखता वाटणारे आणि दारात अडवणारे, दोन्ही हेच.

या दोन सवयी एका घरात कशा नांदतात, यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरंच लिहिलं गेलं आहे. समाजशास्त्रज्ञांनी लिहिलं, मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं, एकदा तर भौतिकशास्त्रज्ञांनीही हात घातला. हे सगळं एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की मेटलवाल्यांची वाटावाटी हा मुळात छंद नव्हताच. रेडिओने आणि मोठ्या कंपन्यांनी जे काम नाकारलं, ते श्रोत्यांनी अंगावर घेतलं. आणि ज्यांनी घाम गाळला, त्यांनीच मग दाराशी खुर्ची टाकली.

सुरुवात बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली. पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि तारा सैल ठेवल्या. पुढे त्याच सैल तारांतून तो जड, खर्जातला आवाज आला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. समीक्षकांनी नाकं मुरडली. तरीही अल्बम ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढला, तो बहुतांशी ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगितल्यामुळे. वर्तमानपत्र एक म्हणतं आणि शेजारचा पोरगा दुसरं, अशा वेळी पोरावर विश्वास ठेवायचा, ही मेटलची रीत तिथेच पडली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये पंकचा जोर होता आणि मेटल संपलं असं जाणकार सांगत होते. त्या काळात लंडनच्या वायव्येला, किंग्जबरी भागातल्या एका पबच्या मागच्या दालनात नील के नावाचा डीजे फक्त हेवी मेटल वाजवत असे. लोक लाकडी फळीच्या खोट्या गिटारी घेऊन येत आणि घामाघूम होईपर्यंत त्या ‘वाजवत’. खरं महत्त्व आहे ते तिथल्या यादीला. आठवडाभरात गिऱ्हाइकांनी कोणती गाणी मागितली, त्यावरून नील के क्रमवारी लावायचा आणि ‘साउंड्स’ हे साप्ताहिक ती छापायचं. विक्रीचे आकडे नाहीत, रेडिओची मेहेरबानी नाही. केवळ ‘आम्ही हे ऐकतोय’ एवढंच. आयर्न मेडन या तेव्हाच्या अनोळखी बँडने आपली कॅसेट नील केकडे दिली आणि ‘प्राउलर’ हे गाणं त्या यादीत पहिलं आलं. मग त्यांनी त्या गाण्यांची छोटी तबकडी स्वतःच काढली आणि तिला त्या पबमधल्या अड्ड्याचंच नाव दिलं: ‘द साउंडहाउस टेप्स’. पाच हजार प्रती, विक्री टपालाने. १९७९ साली ‘साउंड्स’नेच या सगळ्या लाटेचं ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ असं लांबलचक बारसं केलं. दोन वर्षांनी त्याच साप्ताहिकाच्या पोटातून ‘केरँग’ हे मासिक जन्मलं.

नवख्याच्या स्वागताची माझी आवडती गोष्ट याच लाटेतली. लार्स उलरिक हा डेन्मार्कचा मुलगा. कुटुंबासोबत कॅलिफोर्नियात आलेला. तिथे ब्रिटिश बँडच्या तबकड्या मिळायच्या नाहीत, म्हणून टपालाने मागवायचा. १९८१ च्या उन्हाळ्यात, वय सतरा, तो थेट इंग्लंडला गेला, ‘डायमंड हेड’ या आपल्या आवडत्या बँडचा कार्यक्रम ऐकला आणि पडद्यामागे जाऊन उभा राहिला. बँडने काय करावं? त्याला घरी नेलं. कधी गिटारवादक ब्रायन टॅटलरच्या घरी, कधी गायक शॉन हॅरिसच्या, असा तो मुक्काम ठोकून राहिला. परत जाऊन त्याने जो बँड काढला तो मेटालिका. तीन गाण्यांची परीक्षा कुणी घेतली नाही. पुढे मेटालिकाने डायमंड हेडची गाणी स्वतः वाजवून जगभर पोचवली आणि त्यांचं मानधन मूळ बँडला मिळत राहिलं. पाहुणचाराची इतकी घसघशीत परतफेड संगीताच्या इतिहासात फारशी सापडणार नाही.

मेटालिका हे नावही श्रोत्यांच्या वर्तुळातूनच आलं. सॅन फ्रान्सिस्कोचा रॉन क्विंटाना आपल्या हौशी मासिकासाठी नावं जुळवत होता. त्याच्या यादीतलं एक लार्सने उचललं. ब्रायन स्लेगल हा असाच एक हौशी मासिकवाला. त्याने १९८२ साली ‘मेटल मॅसॅकर’ हे संकलन काढलं आणि धड जमलेल्याही नसलेल्या या बँडला त्यात जागा दिली. त्याच वर्षीची त्यांची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही कॅसेट कुठल्याही कंपनीने काढलेली नव्हती. ती हातोहात, पाकिटापाकिटातून, नकलेवर नक्कल होत पसरली आणि न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात तबकड्यांचा गाळा चालवणाऱ्या जॉन झझूला याच्यापर्यंत पोचली. त्याने पोरांना पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतलं, अल्बम काढायला कुठली कंपनी तयार नाही म्हणून स्वतःच कंपनी काढली, आणि १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ आला.

या कॅसेटच्या देवघेवीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आजच्या सगळ्या चालीरीतींचं मूळ तिथे आहे. १९८० च्या दशकात फ्लोरिडा, नॉटिंगहॅम, ओस्लो, ब्राझीलमधलं बेलो होरिझोन्ते अशा ठिकाणची कोवळी पोरं एकमेकांना न भेटता पत्रं लिहीत. पाकिटात कॅसेट, आपल्याकडे काय काय आहे याची हाताने लिहिलेली यादी, अलीकडे काय ऐकलं आणि कसं वाटलं याचं पानभर वर्णन, आणि दुसऱ्यांच्या बँडची चार चिठोरी. परदेशी टपाल महाग, म्हणून तिकिटांवर साबण किंवा डिंकाचा हात फिरवायचा. समोरच्याने शिक्का धुवून काढायचा आणि तेच तिकीट परतीच्या पाकिटावर लावायचं. ‘माझी तिकिटं परत पाठव’ ही ओळ पत्राच्या शेवटी ठरलेली असे. टपालखात्याला फसवणं वाईटच, पण डेथ मेटल हा अख्खा प्रकार या धुतलेल्या तिकिटांवर उभा राहिला हेही खरं. फ्लोरिडाच्या चक शुल्डिनरचा ‘डेथ’ हा बँड १९८७ साली पहिला अल्बम काढेपर्यंत जगभरच्या पत्रमित्रांना पाठ झाला होता.

या व्यवहाराचे नियम भिशीसारखे होते. हप्ता भरेल त्याला फळ, आणि बुडवणाऱ्याची गावभर बदनामी. कॅसेट घेऊन परत न पाठवणाऱ्यांची नावं हौशी मासिकांत छापून येत. ज्याच्याकडे देण्यासारखं काहीच नाही, त्याने कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. बहुतेक जुने लोक मग भरभरून पाठवत. म्हणजे नवख्याला दार उघडं होतं, फक्त रिकाम्या हाताने येऊन चालत नसे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कीथ कान-हॅरिस याने ‘एक्स्ट्रीम मेटल’ या २००७ च्या पुस्तकात नेमकं हेच टिपलं आहे. बाहेरच्यांना वाटतं की मेटलमध्ये मान मिळतो तो भीतिदायक वागण्याने. आत मात्र मान मिळतो तो पत्राला वेळेवर उत्तर देण्याने, बँडचा इतिहास पाठ असण्याने, कार्यक्रम भरवताना खुर्च्या उचलण्याने. अगदी सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहाला शोभावेत असे गुण!

दारावरची चौकीही याच मेहनतीतून आली. वर्षभर टपालाची वाट पाहून जे मिळवलं, ते उद्या कुणी टी-शर्ट विकत घेऊन मिळवल्यासारखं दाखवू लागलं तर राग येणारच. त्याला शिवी तयार झाली: पोझर, म्हणजे नुसता आव आणणारा. डीना वाइनस्टाइन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्येच लिहिलं होतं की मेटलचे श्रोते स्वतःच्या बहिष्कृतपणाचा अभिमान बाळगतात. या अभिमानाला बाहेरून खतपाणीही भरपूर मिळालं. १९८५ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतल्या अश्लीलतेवर सुनावणी झाली. १९९० मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात जूडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला; त्यांच्या गाण्यात दडलेल्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा आरोप होता. न्यायालयाने तो मानला नाही. कैरोत १९९७ साली मेटल ऐकणाऱ्या शंभरेक पोरापोरींना सैतानपूजक ठरवून अटक झाली. वेढा पडलेल्या गावाने येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखून बघावं, यात नवल नाही.

नॉर्वेत हा संशय विकोपाला गेला. ओस्लोतल्या ‘हेल्व्हेटे’ या तबकड्यांच्या दुकानाभोवती १९९१ ते १९९३ या काळात जमलेल्या टोळक्याने खरा कोण आणि खोटा कोण हे ठरवण्यातच धन्यता मानली. त्यातून चर्चची जाळपोळ झाली आणि ऑगस्ट १९९३ मध्ये दुकानाच्या मालकाचा त्याच्याच वर्तुळातल्या संगीतकाराने खून केला. या प्रकरणावर पुस्तकं, चित्रपट निघाले, इतके की ब्लॅक मेटल हा तिथला उपप्रकार म्हटला की लोकांना तेवढंच आठवतं. मला त्याच देशातला, त्याच पिढीतला डार्कथ्रोन या बँडचा फेनरिझ जास्त महत्त्वाचा वाटतो. हा गृहस्थ वर्षानुवर्षं अनोळखी, नव्या बँडची गाणी ऐकून त्यांच्या याद्या लोकांपुढे ठेवत आला आहे. स्वतःच्या बँडपेक्षा दुसऱ्यांच्या बँडबद्दल बोलताना तो जास्त खुलतो.

मानसशास्त्रज्ञांनी काय शोधलं ते थोडक्यात. ॲड्रियन नॉर्थ यांनी ३६,००० श्रोत्यांची पाहणी २००८ मध्ये मांडली. त्यात मेटलवाले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतवाले स्वभावाने एकमेकांच्या जवळचे निघाले: सर्जनशील, मितभाषी, स्वस्थ. क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली रागावलेल्या श्रोत्यांना त्यांचं आवडतं मेटल ऐकवून पाहिलं. राग भडकला नाही, उलट उत्साह वाढला. ही माणसं एकूण ३९ होती, हे विसरू नये. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या टाशा हाउ आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातल्या मेटलवाल्यांना त्यांच्या मध्यमवयात गाठलं. तारुण्यात अनेकांनी नको ते उद्योग केले होते, पण ते दिवस आनंदाचे होते आणि आता बरं चाललं आहे, असं त्यांनी सांगितलं. अभ्यासकांचा तर्क असा की त्या पोरांना सांभाळलं ते आपल्यासारख्यांच्या सोबतीने. मात्र ही माहिती स्वतःहून पुढे आलेल्यांची आहे. ज्यांचं बरं चाललेलं नाही ते प्रश्नावली भरायला बसत नाहीत.

भौतिकशास्त्रज्ञांचं प्रकरण गमतीचं आहे. कॉर्नेल विद्यापीठातला जेसी सिल्व्हरबर्ग मैत्रिणीला घेऊन मेटलच्या कार्यक्रमाला गेला. तिला धक्के लागू नयेत म्हणून या वेळी धक्काबुक्कीत न उतरता तो कडेला उभा राहिला आणि बघताना त्याला ती गर्दी वायूच्या रेणूंसारखी वाटली. २०१३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याने त्यावर शोधनिबंध छापला. मॉश पिट म्हणतात ती ही जागा: रंगमंचासमोर पोरं एकमेकांवर आदळत असतात. पण गणितात न येणारा एक नियम तिथे आहे. कुणी पडलं की शेजारचे चारजण त्याला उचलतात, चष्मा पडला तर गोल करून शोधतात. पहिल्यांदा आत शिरलेल्याला हे कुणी सांगत नाही. तो पडतो आणि त्याला कळतं.

आता कटू भाग. उचलणारे हात सगळ्यांसाठी सारखे पुढे येत नाहीत. कॅनडाच्या लेखिका लैना डॉज यांनी २०१२ च्या पुस्तकाला नावच ‘व्हॉट आर यू डूइंग हिअर?’ असं दिलं. कृष्णवर्णीय स्त्रीला मेटलच्या कार्यक्रमात हा प्रश्न गोरे श्रोतेही विचारतात आणि घरचेही. ब्रिटनच्या रोझमेरी ल्यूसी हिल यांनी दाखवलं आहे की मेटलची मासिकं स्त्री श्रोत्यांकडे बँडच्या मागे लागलेल्या पोरी म्हणूनच बघत आली. १९७८ पासून वाजवणाऱ्या ‘गर्लस्कूल’सारख्या स्त्रियांच्या बँडची गोष्ट माहीत असूनही हे चाललं. जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड, ज्याच्या चामडी-खिळेवाल्या पोशाखाची नक्कल जगभरच्या मेटलवाल्यांनी केली, त्याने आपण समलिंगी आहोत हे १९९८ साली जाहीर केलं. त्याला चाहत्यांनी डोक्यावरून उतरवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवावं लागेल. आणि हेही नोंदवावं लागेल की ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात उघड नाझी बँड आहेत. जिथे खरोखर दार लावायला हवं, तिथे ‘आम्ही फक्त संगीत ऐकतो’ म्हणून अनेकांनी ते सताड ठेवलं आणि अडवलं मात्र टी-शर्ट घातलेल्या पोरीला.

आपल्याकडे ही सगळी कहाणी उशिराने, पण त्याच वळणांनी घडली. मुंबईत धोबीतलावाला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन होतं. तिथे १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. परदेशाहून कुणाच्या मामेभावाने आणलेली एक कॅसेट कॉलेजभर फिरायची आणि परत येईपर्यंत तिचा आवाज झिजलेला असायचा. १९९३ साली ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघालं ते मुंबई-बंगळुरूहून नव्हे, अलाहाबादहून. अमित सैगल यांनी काढलेलं. लहान गावातल्या पोरांना आपल्यासारखे आणखी आहेत हे त्याने कळवलं. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनच्या मैफली बंद पडल्या. आयर्न मेडन १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर आले तेव्हा ज्यांच्या ओळखी नुसत्या पडद्यावरच्या होत्या, अशी देशभरची पोरं तिथे पहिल्यांदा एकमेकांना भेटली. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, मेडनने जगाचा दौरा मुंबईतून सुरू केला.

मुंबईचा साहिल मखिजा हा या पिढीचा ठळक माणूस. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा त्याचा बँड २००० सालापासूनचा. २०१७ च्या ‘दशावतार’ अल्बममध्ये मत्स्य-कूर्मापासून विष्णूचे अवतार येतात. कोकणातल्या दशावतारी खेळांवर वाढलेल्या माणसाला विषय परका नाही, फक्त आवाज सोसायला हवा. बँड चालवतानाच त्याने दुसऱ्यांचे कार्यक्रम भरवले, आणि ‘हेडबँगर्स किचन’ या आपल्या कार्यक्रमात बँडना बोलावून त्यांच्या मुलाखती घेत चक्क त्यांना रांधून वाढलं. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनचा महोत्सव गाजवला. ‘हे मेटल आहे का?’ हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला, जसा जपानच्या ‘बेबीमेटल’ला विचारला गेला. इंडोनेशियातल्या गारुत गावच्या तीन हिजाबधारी मुलींना शाळेतल्या शिक्षकाच्या लॅपटॉपवर ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ची गाणी सापडली. त्या शिक्षकाने त्यांना हाकलण्याऐवजी वाद्यं हातात दिली. त्यांचा बँड ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजला. (त्याच देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो मेटालिकाचे चाहते. जकार्ताचे गव्हर्नर असताना मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोकडून भेट आलेली बास गिटार त्यांना भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा करावी लागली.)

आज घाम गाळण्याचा प्रश्नच उरलेला नाही. १९८५ मध्ये ज्या कॅसेटसाठी चार महिने वाट पाहावी लागे, ती आता फोनवर चार सेकंदांत येते. मेटल बँडची नोंद ठेवणारा एक हौशी कोश कॅनडातून २००२ पासून चालतो. त्यात लाखाहून अधिक बँड आहेत. म्हणजे आता टंचाई गाण्यांची नाही, वाट दाखवणाऱ्याची आहे. यंत्र सुचवतं ते काल ऐकल्यासारखंच सुचवतं. ‘तुला वेगवान आवडत नाही ना, मग आधी संथ डूम मेटल ऐक’ असं माणूसच सांगू शकतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात याची कसोटी लागली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत मेटालिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि १९८६ सालचं हे आठ मिनिटांचं गाणं ३६ वर्षांनी प्रथमच अमेरिकेच्या ‘हॉट १००’ यादीत शिरलं. शाळकरी पोरं लोटली आणि जुनी खोडं कुरकुरू लागली. बँडने मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की या कुटुंबात प्रत्येकाचं स्वागत आहे, कुणी चाळीस तासांपूर्वी ऐकायला लागलेला असो की चाळीस वर्षांपूर्वी. सतराव्या वर्षी परक्या बँडच्या घरी राहून आलेल्या माणसाच्या बँडकडून दुसरं उत्तर आलं असतं तर वाईट वाटलं असतं.

माझा निवाडा जुन्यांच्या विरुद्ध जातो. ज्या मेहनतीतून चौकीचा अधिकार आला ती मेहनत आता कुणालाच करावी लागत नाही, चौकीदारालाही नाही. तेव्हा परीक्षेची भाषा बंद व्हायला हवी. यादी मात्र चालू राहावी, जितकी लांब तितकी चांगली.

आणि तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमपासून करा, पाऊणएक तासाचं काम आहे. न आवडल्यास तेही स्पष्ट सांगा, आणि ओळखीत काळा टी-शर्ट घालणारं कुणी असेल त्याला विचारा: मला अमुक आवडतं, तमुक सोसत नाही, तर पुढे काय ऐकू? संध्याकाळ मोकळी ठेवून विचारा.